कयाधूची वाळू नुसती ब्रासात मोजू नका

वाळूवर काही लिहिलं की दोन तऱ्हेचे फोन येतात. एक म्हणतो, "दादा, आमच्याही घाटावर या एकदा, रात्रभर टिप्पर चालूच असतात." दुसरा विचारतो, "कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं?" आज मात्र टिप्पर, हप्ता, पंचनामा यातलं काहीच लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आजचा विषय आहे वाळूच्या कणावर राहणारे जिवाणू. हसू नका. आपल्या नळयोजनेच्या विहिरीत काय उतरतं आणि लेकरांच्या पोटात काय जातं, त्याच्याशी या विषयाचा सरळ संबंध आहे. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आधी दोन-तीन आकडे. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा पाणी गुणवत्ता अहवाल आहे. देशभरातल्या १५,२५९ ठिकाणचं भूजल तपासलं. त्यातल्या जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे तीन नमुन्यांतला एक नापास. नायट्रेट जास्त असलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, २०२३ मध्ये ४४० झाले. देशातल्या सगळ्यात वाईट १५ जिल्ह्यांची यादी दिली आहे, त्यात महाराष्ट्राचे सात: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. हिंगोलीचं नाव त्यात नाही म्हणून खुश होण्याचं कारण नाही. नांदेड आणि यवतमाळ आपले शेजारी. जमीन तीच काळी, खालचा खडक तोच काळा, पिकं तीच, आणि खताची दुकानंही तशीच. जिल्ह्याची हद्द १९९९ ला कागदावर पडली, विहिरीतल्या पाण्याला ती काय माहीत?

मर्यादा म्हणजे किती? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. यात सवलत नाही. बाकी बऱ्याच गोष्टींना 'दुसरा स्रोत नसेल तर इथपर्यंत चालेल' अशी वरची मर्यादा दिलेली असते, नायट्रेटला ती नाही. याचं कारण लहान बाळं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिन बिघडवतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळसर पडतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं. शेतातल्या विहिरीचं पाणी घालून दूध तयार करून पाजलेली बाळं होती ती. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका जवळपास नाही. धोका आहे तो वरचं दूध पाणी घालून पातळ करून पाजण्यात.

आणि इथं एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगायला पाहिजे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे जास्त दाट होतं. तुरटीनं जात नाही, टीसीएल पावडरनं जात नाही, साध्या कँडलच्या फिल्टरनं जात नाही. वास नाही, रंग नाही, चव नाही. आजी बिचारी काळजीनं बाळासाठी पाणी दहा मिनिटं खळखळ उकळते. जंतूंसाठी ते बरोबरच आहे, पण नायट्रेटच्या बाबतीत उलटं होतं.

आता हे येतं कुठून? उकिरड्यातून, जनावरांच्या गोठ्यातून, संडासच्या शोषखड्ड्यातून, आणि सगळ्यात जास्त युरियाच्या गोणीतून. युरियाला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. २६६ रुपये ५० पैशाला ४५ किलोची गोणी मिळते, दुसरं कोणतंच खत इतकं स्वस्त नाही, मग शेतकरी तेच टाकणार. पण हिशोब करून बघा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. हे सगळं नत्र नायट्रेट झालं तर सुमारे ९२ किलो नायट्रेट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला ते वीस लाख लिटर पाण्याला पुरतं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर! अर्थात सगळं नत्र पाण्यात जात नाही, काही पीक घेतं, काही हवेत उडतं. चौथा हिस्सा जरी खाली उतरला तरी पन्नास टँकर झाले. आणि हे एका गोणीचं. हळदीला हेक्टरी २०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी चार गोण्यांचं नत्र. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सगळ्यांची छाती फुगली, माझीही फुगली. त्या पिवळ्या सोन्याच्या मुळाशी ओतलेलं नत्र कुठं जातं, हेही विचारू की.

रानात टाकलेल्या युरियाचं काय होतं ते थोडक्यात सांगतो. मातीतले जिवाणू दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया करतात. तोवर ठीक, कारण अमोनियाच्या रूपातलं नत्र काळ्या मातीला चिकटून बसतं. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि तिसऱ्या जातीचे नायट्रेट करतात. पिकाला नायट्रेट आवडतं, पण काळी माती त्याला धरून ठेवत नाही. विजेच्या भाषेत सांगायचं तर मातीचा भार ऋण, नायट्रेटचाही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात. जोराचा पाऊस आला की ते पाण्याबरोबर भेगांतून खाली, विहिरीत, नाल्यात, नदीत.

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी तर सगळ्यांनी पाहिल्यात. पेरताना रायझोबियम चोळतो ते त्यासाठीच. त्या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून पिकाला देतात. म्हणजे नत्र हवेतून जमिनीत आणणारे जिवाणू आपल्याला माहीत आहेत. पण याच्या बरोबर उलटं काम करणारेही जिवाणू आहेत, नायट्रेटचं पुन्हा साधं नत्र करून हवेत सोडून देणारे. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, त्यात गेलं की त्रास संपला. हे जिवाणू आपल्यासारखेच प्राणवायूवर जगतात, पण प्राणवायू संपला की नायट्रेटवर श्वास घेतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: नायट्रेट, खायला थोडा कुजका पालापाचोळा, आणि प्राणवायू कमी असलेली जागा.

अशी जागा कुठं सापडते? वाळूत.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनाही हे उशिरा कळलं. समुद्राकाठच्या स्वच्छ वाळूला बरेच दिवस ते वाळवंटच समजत होते. चिखलात कुजकं भरपूर, म्हणून सगळं काम चिखलात चालतं; वाळूत खायला काही नाही, मग जिवाणू कशाला राहतील? मागच्या पंचवीस-तीस वर्षांत हे चित्र बदललं. लाटा आणि भरती-ओहोटी वाळूतून सारखं पाणी ढकलत असतात. खाणं साठलेलं नसतं हे खरं, पण ताटात सारखं वाढलं जातं. वरच्या थरात प्राणवायू असतो, काही सेंटिमीटर खाली संपतो, आणि तिथं नायट्रेट फोडायचं काम सुरू होतं. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्तर समुद्रातल्या वाळूचे एकेक कण वेगळे काढून पाहिले. एका कणावर दहा हजार ते एक लाख जिवाणू. तेही सरसकट पसरलेले नाहीत, खाचाखोचांत दडून बसलेले, कारण कण एकमेकांवर घासतात.

तुम्ही म्हणाल, हिंगोलीला कुठला समुद्र? समुद्र नाही, पण कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. नदीच्या वाळूतही हाच कारभार चालतो, फक्त लाटेच्या जागी उतार असतो. वाळूचा पट्टा आडवा आला की थोडं पाणी त्याच्या वरच्या तोंडातून आत शिरतं, कणाकणातून झिरपत जातं आणि खालच्या टोकाला परत बाहेर येतं. आत जाताना प्राणवायू आणि नायट्रेट घेऊन जातं, बाहेर येताना दोन्ही कमी झालेलं असतं. आपल्या आया-आज्या वाहत्या पाण्यात घागर न बुडवता वाळूत झिरा खोदून त्यातलं पाणी वाटीनं भरायच्या. त्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण वाळूतून आलेलं पाणी वेगळं असतं हे पक्कं माहीत होतं.

जगभर मोठमोठ्या शहरांनी हेच केलं. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या ड्यूसेलडॉर्फला १८७० पासून नदीकाठच्या विहिरींतून, म्हणजे वाळूतून गाळून आलेलं पाणी पुरवतात. आपल्याकडे हरिद्वारला गंगेच्या काठावर अशाच विहिरी आहेत. १८९२ मध्ये जर्मनीच्याच हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्यानं आठ हजारांवर माणसं गेली. शेजारचं आल्टोना शहर त्याच नदीचं, हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेत होतं, तरी बऱ्यापैकी वाचलं. फरक एकच, आल्टोनात पाणी वाळूच्या थरातून गाळून द्यायचे. ती गोष्ट नायट्रेटची नाही, जंतूंची आहे. पण वाळू म्हणजे निर्जीव चाळण नव्हे, हे त्यातून कळतं.

आपल्या कितीतरी गावांच्या नळयोजनेच्या विहिरी नदीकाठी, ओढ्याकाठी आहेत. त्या विहिरीला जे पाणी येतं त्यातलं बरंच वाळूतून येतं. आता एका ब्रासचा हिशोब मांडू. ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २,८०० लिटर जागा. वाळूत तिसरा हिस्सा पोकळी असते, म्हणजे एका ब्रास वाळूत नऊशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि दर पुराला ती टाकी पुन्हा भरते. कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर एका ब्रासमध्ये सुमारे २,९०० कोटी कण होतात. प्रत्येक कण म्हणजे जिवाणूंची वस्ती. २०२३ च्या धोरणात सरकारनं ब्रासला ६०० रुपये भाव लावला, २०२५ मध्ये धोरण बदलून पुन्हा लिलाव आणला. भाव कमी-जास्त यावर विधानसभेत गोंधळ झाले. पण प्रत्येक वेळी किंमत लावली ती वाळू सिमेंटमध्ये मिसळण्याची. नदीत पडून ती जे काम करते त्याची किंमत अजून एकाही धोरणानं लावलेली नाही.

पोकलेन लावून खडकापर्यंत उपसा झाला की काय होतं? पाणी उघड्या खडकावरून सरसर पुढं निघून जातं. झिरपायला जागा नाही, थांबायला वेळ नाही, आणि या जिवाणूंना वेळ लागतो. मागं जे डोह राहतात त्यांत गाळ बसतो. गाळातही असे जिवाणू असतात, नाही असं नाही. पण गाळातून पाणी आरपार जात नाही, नुसतं वरून घासून जातं. शिवाय विहिरीची पातळी उतरते ती वेगळीच.

इथं एक खरं सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी कृषी पदवीधर कमेंटमध्ये येऊन धुईल. वाळू वाचवली म्हणजे नायट्रेट संपलं असं अजिबात नाही. नदीपासून दोन-तीन किलोमीटरवर, रानाच्या मधोमध असलेल्या विहिरीला नदीची वाळू काय करणार? तिथला इलाज रानातच. आणि जिवाणूंचं कामही दरवेळी पूर्ण होतं असं नाही. अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू निघतो, जो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सय्यद नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी पाण्यातला प्राणवायू संपतो आणि हा वायू मोठ्या प्रमाणात निघतो. जमिनीवरून वाहून जाणाऱ्या नत्राचा त्यात वाटा असावा, असंही त्यांनी म्हटलं. आपलं पाणी त्या समुद्राला जात नाही. कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला. पूर्णा तर थेट गोदावरीला. दोन्ही वाटा शेवटी बंगालच्या उपसागरात. म्हणजे सेनगावच्या बांधावरून निघालेलं नायट्रेट वाटेत कुठं अडलं नाही तर आंध्रापर्यंत जातं. वाटेत अडायची एक मोठी जागा म्हणजे नदीची वाळू, आणि तीच आपण विकतोय.

"मग घरं बांधायची नाहीत का?" हा प्रश्न येणारच. बांधायची. २०२५ च्या धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत ठेवली आहे, ती त्यांना मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की कुठून आणि किती खोल उपसायची हे ठरवताना पाण्याची विहीर आधी बघा. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, जे कमी असेल ते, असं लिहिलंय. गंगा-यमुनेसाठी ठीक असेल. पण आपल्या नद्या खडकावरच्या. जिथं वाळूचा थरच तीन मीटर नाही, तिथं हा नियम म्हणजे तळ खरवडायचा परवानाच झाला. मीटरचा नियम नको. खडकाच्या वर निम्मा थर जागेवर राहिलाच पाहिजे, असा नियम करा. आणि नळयोजनेच्या विहिरीच्या वरच्या-खालच्या अंगाला घाटच नको. गावात दगडाच्या चुरीची वाळू मिळत असताना सरकारी नाल्या आणि सिमेंट रस्त्यांना नदीची वाळू कशाला पाहिजे, हे मला तरी कळत नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या हिरव्या कार्डाबद्दलही बोलायला पाहिजे. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खातं स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं. चांगली पद्धत आहे, साथी कमी झाल्या. पण ते कार्ड विहिरीभोवतीची घाण, गळती, टीसीएल यावर मिळतं. हिरव्या कार्डाच्या गावात नायट्रेट ऐंशी असू शकतं आणि कार्ड हिरवंच राहील. सरपंच मात्र छातीठोक सांगणार, "आमचं पाणी पास आहे." चूक त्यांची नाही, कार्डावर तो रकानाच नाही. कार्डाशेजारी एक ओळ ऑइल पेंटनं लिहायला किती खर्च येतो? 'विहिरीचं नायट्रेट अमुक, तारीख तमुक.' बस.

औंढ्याजवळ लायगो उभं राहतंय. विश्वाच्या दुसऱ्या टोकाला दोन कृष्णविवरं आदळली तर अणूपेक्षाही बारीक हालचाल तिथं मोजणार आहेत. अभिमानाची गोष्ट आहे. त्याच तालुक्यातल्या हातपंपाचं नायट्रेट मोजायला जे लागतं ते एका पेटीत मावतं, आणि ती पेटी जलजीवन मिशनमधून गावागावात दिलेली आहे. प्रत्येक गावात पाच महिलांना ती वापरायचं प्रशिक्षण द्यायचं, असं मिशनच्या कागदात आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं आहेत, सूक्ष्मजीवशास्त्राची पोरं दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. कयाधूत वाळू शिल्लक असलेल्या एका जागी आणि उपसलेल्या एका जागी वरचं-खालचं पाणी महिन्यातून एकदा तपासलं, तर वर्षभरात जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवण्यासारखा कागद तयार होईल. परभणीचं कृषी विद्यापीठ तर तासाभराच्या अंतरावर.

शेतकरी मित्रांसाठी एक फायद्याची गोष्ट. तुमच्या विहिरीत ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये दहा मिलिग्रॅम नत्र आहे. हंगामभरात एकरी अर्धा मीटर पाणी दिलं, तर वीस किलो नत्र पाण्यातूनच रानात गेलं. म्हणजे युरियाची एक गोणी. ते तुमच्याच पैशाचं, मागच्या वर्षी खाली उतरलेलं नत्र आहे. विहिरीचा रिपोर्ट हातात असेल तर हळदीच्या डोसमधून तेवढं वजा करा, बाकीचं ठिबकमधून थोडं थोडं द्या. एकदम फेकून पावसाची वाट बघू नका.

आता काम. गावातल्या ज्या ताईंकडे ती तपासणी पेटी आहे त्यांना आधी विचारा. पेटी फडताळात धूळ खात असेल तर बाहेर काढा, रसायनांची मुदत बघा. पेटीवर रंग गडद आला तर एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरा, थंड जागी ठेवा, आणि लवकरात लवकर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. बाटलीवर गाव, विहिरीची जागा, तारीख लिहा. नदीकाठची विहीर असेल तर वरच्या अंगाला वाळू शिल्लक आहे की नाही तेही लिहा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल आणि ते वरच्या दुधावर असेल, तर रिपोर्टची वाट न बघता दुसऱ्या खात्रीच्या स्रोताचं पाणी वापरा. जारचं वापरत असाल तर जारवाल्याला आरओ आहे की नुसतं थंड केलेलं आहे ते विचारा.

रिपोर्ट आला की इथंच कमेंटमध्ये फोटो टाका. गाव आणि नायट्रेटचा आकडा एवढंच पुरे, कोणाचं नाव नको. पाचही तालुक्यांतून जेवढे येतील तेवढे मी एका यादीत लावतो आणि पुढच्या घाटांच्या लिलावाआधी ती यादी जिल्हा खनिकर्म कार्यालयात आणि पाणीपुरवठा विभागात देऊन पोहोच घेतो. पोहोचेची प्रत याच पोस्टखाली टाकेन.